लिटरभर डिझेल जातं कुठं?

आमच्याकडे सात सीटांची डिझेल गाडी आल्यापासून एक प्रश्न पाठ सोडत नाही. लग्न असो, बारसं असो, अगदी दहाव्याला जमलेली माणसं असोत, कुणीतरी बॉनेटवर हात टेकून विचारतंच, "ॲव्हरेज किती देते?" मी बिनदिक्कत सांगायचो, "हायवेला अठरा." स्क्रीनवर एकदा १८ दिसलं होतं खरं, पण ते खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीत आल्यावर.

मग एका उन्हाळ्यात टाकी फुल ते टाकी फुल असा हिशोब मांडला. १२.४ निघालं. त्या वेळी स्क्रीन १४ दाखवत होती. ती जे दाखवते तो इंजेक्टरनं किती डिझेल सोडलं असावं याचा संगणकानं केलेला अंदाज असतो, आणि हा अंदाज बहुतेक गाड्यांत मालकाला खूश ठेवणारा निघतो.

म्हणून सुरुवात मोजण्यापासून. पंपावर नोझल पहिल्यांदा 'टक्' करून थांबलं की तिथंच थांबायचं. डिझेलला फेस येतो, त्यामुळे तो टक् प्रत्येक वेळी जरा वरखाली होतो; आणि पंपावरचा मुलगा "राउंड फिगर करू का?" म्हणाला की मोजमाप संपलंच. शक्यतो तोच पंप, तीच बाजू. किलोमीटर लिहून घ्यायचे, गाडी चालवायची, पुन्हा पहिल्या टक्पर्यंत भरायचं, झालेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, तीन-चार टाक्यांची सरासरी काढा.

यात एक छुपी खोट असू शकते. गाडी जास्त रुबाबदार दिसावी म्हणून मोठे टायर टाकले असतील तर किलोमीटरचा आकडाच चुकतो. २३५/६५ आर १७ च्या जागी २४५/७० आर १७ टाकला की टायरचा व्यास पाच टक्क्यांनी वाढतो. गाडी १०५ किलोमीटर जाते आणि मीटर म्हणतो १००. असे मित्र "टायर बदलले आणि ॲव्हरेज पडलं" म्हणून हळहळतात. त्यातली थोडी हळहळ नुसती कागदावरची असते. बाकीची खरी, कारण ते टायर जड असतात आणि त्यांची जाड नक्षी रस्त्यावर जास्त घासते.

कंपनी सांगते तो आकडा वेगळाच. आपल्याकडे गाड्यांची अशी चाचणी करणारी मोठी संस्था म्हणजे पुण्यातली, वेताळ टेकडीवरची एआरएआय. तिथं गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या वेळापत्रकानं पळवतात. सगळ्यात जास्त वेग ताशी ९०, सरासरी ३० च्या आसपास, एसी बंद. दोन मॉडेलांची तुलना करायला तो आकडा उत्तम. त्यात खड्डा नाही, घाट नाही, मागच्या सीटवर "एसी वाढवा ना" म्हणणारं कुणी नाही. तो आपल्याला मिळेल अशी आशा धरू नये.

आता एक गंमत, जी मला स्वतःला उशिरा कळली. लिटरला किती किलोमीटर, ही मोजायची पद्धत आपल्याला फसवते. १००० किलोमीटरच्या प्रवासात १० चं ॲव्हरेज १२ झालं तर १०० लिटरऐवजी ८३ लागतात, म्हणजे १७ लिटर वाचले. छोट्या गाडीचं १६ चं १८ झालं तर वाचतात जेमतेम सात लिटर. दोन्हीकडे वाढ दोनचीच. मोठ्या गाडीवाला "एवढ्याशानं काय होतंय" म्हणतो, पण एवढ्याशाचा फायदा त्यालाच जास्त असतो.

चार गिऱ्हाइकं

डिझेल जळलं की त्यातली साधारण दोन तृतीयांश ऊर्जा रेडिएटरमधून, सायलेन्सरमधून आणि इंजिनाच्या घर्षणात उडून जाते. तिथं आपल्या हातात फारसं काही नाही. उरलेली एक तृतीयांश चाकांपर्यंत पोचते आणि ती खाणारी चार गिऱ्हाइकं आहेत: वारा, टायर, चढ आणि ब्रेक. ॲव्हरेजच्या सगळ्या युक्त्या शेवटी यांच्यापैकी कुणाचं तरी ताट लहान करण्याच्या असतात.

वाऱ्याचं गणित मोठ्या गाडीत वाईट असतं, कारण आपण एक उभं कपाट घेऊन पळत असतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो. माझ्या गाडीसारख्या चौकोनी, माणसांसकट दोन टनांच्या गाडीचा मी ढोबळ हिशोब केला. ताशी ८० ला वारा साधारण ३४ किलोचा जोर लावून गाडीला मागं रेटतो. १०० ला ५३ किलो. १२० ला ७७. टायरचं रस्त्याशी घर्षण यात फार बदलत नाही, ते सगळीकडे २२ किलोच्या आसपास राहतं. म्हणजे ८० ला इंजिनाला एकूण ५६ किलोचा रेटा तोडायचाय आणि १२० ला ९९ किलोचा. जास्त ओझ्याखाली इंजिन जरा बरं काम करतं, म्हणून डिझेल अगदी त्याच प्रमाणात वाढत नाही, पण दीडपटीच्या पुढं सहज जातं.

हे समृद्धी महामार्गावर ताडून बघण्यासारखं आहे. ७०१ किलोमीटर, कारला मुभा ताशी १२० ची. कागदावर सलग १२० नं गेलात तर पाच तास पन्नास मिनिटं, १०० नं गेलात तर सात तास. माझ्या गाडीला या सत्तर मिनिटांची किंमत दहा-बारा लिटर पडते, म्हणजे डिझेल नव्वद रुपयांच्या आसपास धरलं तर हजार रुपये. तुमची सत्तर मिनिटं हजाराची असतील तर खुशाल जा. माझी नाहीत.

टपावरचं कॅरिअर हे याच वाऱ्याचं भावंड. गणपतीत गावी जाताना बॅगा बांधल्या आणि कॅरिअर दिवाळीपर्यंत तसंच राहिलं, असं आमच्याकडे दोन वर्षं झालं. रिकामं कॅरिअरसुद्धा वारा अडवतं, आणि वर भरलेली मोठी पेटी असेल तर हायवेला दहा टक्क्यांपर्यंत किंवा त्याहून जास्त फटका बसू शकतो. सामान आत मावत असेल तर आतच टाका. आतल्या पन्नास किलो जादा सामानानं फार तर एखादा टक्का जातो. टपावर त्याच सामानाची किंमत कितीतरी जास्त.

ब्रेक म्हणजे सांडलेला चहा

ब्रेक डिझेल पितो हे ऐकायला विचित्र वाटतं. पण बघा. गाडीला वेग द्यायला डिझेल जाळलं. मग समोर सिग्नल लाल झाला आणि आपण ब्रेक दाबला. त्या वेगाचं काय झालं? डिस्क तापली आणि उष्णता हवेत गेली. दोन टनांची गाडी ४० वरून शून्यावर आणली की साधारण १० मिलिलिटर डिझेल वाया जातं, खोकल्याच्या औषधाचे दोन चमचे. ६० वरून थांबलात तर चार-पाच चमचे. आणि १०० वरून करकचून थांबलात तर ६० मिलिलिटरच्या वर, म्हणजे जवळजवळ एक कटिंग चहा रस्त्यावर ओतला.

शहरात शंभर वेळा ४० वरून थांबलात की एक लिटर गेलं. शहरात आणि हायवेला एकाच गाडीचं ॲव्हरेज इतकं वेगळं का येतं, त्याचं बरंचसं उत्तर इथं आहे. गाडी जितकी जड, तितका प्रत्येक ब्रेक महाग.

यावरचा इलाज नजरेत आहे. पुढचा सिग्नल लाल दिसतोय, दोनशे मीटर आहे, तर तिथपर्यंत रेस देत जाऊन ब्रेक मारण्यात कसलं शौर्य? ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि गाडी गिअरमध्येच राहू द्या. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात अशा वेळी संगणक इंजेक्टर पूर्ण बंद करतो. चाकं इंजिनाला फिरवत असतात, डिझेल शून्य. स्क्रीनवर त्या क्षणाचं ॲव्हरेज ठेवून बघा, आकडा एकदम टोकाला जातो नाहीतर नुसत्या रेघा येतात.

आणि इथंच आपल्याकडची ती लाडकी युक्ती उघडी पडते: घाटात न्यूट्रल. न्यूट्रल केलं की चाकांचा इंजिनाशी संबंध तुटतो आणि इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला डिझेल जाळावंच लागतं. म्हणजे गिअरमध्ये जिथं शून्य लागलं असतं तिथं न्यूट्रलमध्ये थोडं का होईना जळतंच. वर सगळं वजन ब्रेकवर. ब्रेक तापले की पेडल आत जातं आणि गाडी थांबत नाही. बोरघाटाच्या उतारावर हे किती वेळा झालंय ते वेगळं सांगायला नको. इंजिन बंद करून उतरणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही. त्यांचं स्टिअरिंग जड होतं, ब्रेकची मदत संपते आणि चावी जास्त फिरली तर स्टिअरिंग लॉकही लागू शकतं.

चढाचंही एकदा मोजून टाकू. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत आपण साडेपाचशे मीटरच्या वर उंची चढतो. दोन टन तेवढे वर उचलायलाच साधारण ८५० मिलिलिटर डिझेल लागतं, रस्त्याचं अंतर कापायचं ते वेगळं. म्हणून मुंबईहून पुण्याला येताना आणि जाताना ॲव्हरेज सारखं येत नाही. माझं ते अठरा कुठून आलं होतं तेही कळलं असेल: वर चढवताना भरलेले पैसे उतरताना परत मिळत होते आणि मी फक्त परतीची पावती लोकांना दाखवत होतो.

रिकामी एसटी

एक गैरसमज असा की ॲव्हरेज हवं तर मुंगीच्या पावलानं चालवायचं. तसं नाही. इंजिन फिरायलाच काही ऊर्जा खातं, पंप, पिस्टन, बेअरिंग यांच्या घर्षणात, आणि ती चाकांना काम असो-नसो द्यावीच लागते. दोन प्रवासी घेऊन निघालेल्या एसटीसारखं आहे हे. डिझेल जवळजवळ तेवढंच जळतं, पण माणशी खर्च परवडत नाही. इंजिन कमी फेऱ्यांवर ठेवून त्याच्याकडून भरपूर काम घेतलं की एसटी भरून चालते. फेऱ्या जास्त आणि काम कमी, म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये ५० नं घोंघावत जाणं, ही रिकामी एसटी.

म्हणून वेग घेताना फार लाजायचं नाही. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, खरा जोर बहुतेक डिझेल गाड्यांत इंजिनाच्या मिनिटाला १५०० ते १७५० फेऱ्यांच्या आसपास सुरू होतो. २००० च्या आसपास वरचा गिअर टाकायचा, व्यवस्थित दाबून गाडी हव्या त्या वेगाला न्यायची आणि मग पाय हलका करून तिथंच ठेवायची. मात्र १२०० च्या खाली इंजिन दबायला लागलं, गाडी थरथरली, की खालचा गिअर टाका. ॲव्हरेजच्या नादात इंजिन दाबत चालवणारे नंतर क्लच आणि फ्लायव्हीलचं बिल भरतात. ऑटोमॅटिकवाल्यांना हा त्रास नाही. त्यांनी फक्त ॲक्सिलरेटर जमिनीला टेकवू नये, नाहीतर गिअरबॉक्स दोन गिअर खाली जातो.

चारचाकी ड्राइव्ह असेल तर ती चिखलासाठी. डांबरावर दोन चाकांवरच ठेवा, नाहीतर डिझेलबरोबर टायर आणि गिअरचे दातेही झिजतात.

उभ्या गाडीचं इंजिन एसीसकट तासाला साधारण एक लिटर पितं. शाळेबाहेर अर्धा तास एसी लावून बसण्याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा. चंद्रपूरच्या मे महिन्यात मीही बसेन.

हात लावून बघायच्या गोष्टी

गेल्या पावसाळ्यानंतर माझं ॲव्हरेज कारण नसताना घसरलं. कराडहून परत येऊन गाडी दारात लावली, डिकी उघडायला मागं गेलो तर डाव्या मागच्या चाकातून धग आली. दुसऱ्या बाजूला हात नेला, तिथं काही नाही. मेस्त्रींनी दोन्ही बाजू जॅकवर उचलून चाकं हातानं फिरवली. उजवं चाक सोडल्यावर तीन-चार चकरा मारून थांबलं. डावं अर्ध्या चकरेत 'खर्र' करून गप्प. "साहेब, तुम्ही ब्रेक मारून गाडी चालवताय," ते म्हणाले. ब्रेक आवळणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांच्यावरचं रबर फाटलं होतं आणि आत चिखल सुकून बसला होता. पिना साफ केल्या, ग्रीस भरलं, नवं रबर घातलं. खर्च एका टाकीच्या पाव हिश्शाएवढाही आला नाही, आणि पुढच्या दोन टाक्यांत जवळजवळ एक किलोमीटर परत मिळाला. तेव्हापासून लांबून आलो की चारी चाकांजवळ तळहात नेऊन बघतो. चाकाला हात लावू नका, फक्त जवळ न्या. चारींची धग साधारण सारखी हवी.

टायरच्या हवेबद्दल लोक फार मोठे आकडे सांगतात. खरं म्हणजे सात-आठ पीएसआय कमी असली तरी डिझेलमध्ये दीड-दोन टक्क्यांचाच फरक पडतो. पण कमी हवेचा टायर समृद्धीच्या काँक्रीटवर उन्हाळ्यात तापतो आणि फुटतो, ते कारण पुरेसं आहे. हवा थंड टायरात मोजायची, दाराच्या खांबावर चिकटवलेल्या आकड्याप्रमाणे, आणि स्वतःचा साधा गेज घ्यायचा. मी एका सकाळी तीन ठिकाणी हवा तपासली आणि तीन वेगळे आकडे मिळाले.

दुसरा छुपा चोर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारी झडप. तो उघडाच अडकला की इंजिन नीट तापत नाही. तापमानाचा काटा अर्ध्या तासानंतरही मधोमध येत नसेल तर संशय घ्या. थंड इंजिनाला संगणक जादा डिझेल देत राहतो, आणि मालक सर्व्हिसिंग करून, फिल्टर बदलून, इंजेक्टर तपासून दमतो.

एअर फिल्टरला लोक उगाच झोडतात. टर्बो डिझेलमध्ये फिल्टर अगदी तुंबेपर्यंत ॲव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. आधी पिकअप जातो, काळा धूर येतो. खडी मशिनांच्या किंवा गळीत हंगामातल्या धुळीच्या रस्त्यांवर रोज जात असाल तर लवकर बदला. मात्र कॉम्प्रेसरची नळी लावून फुंकू नका. कागदाला बारीक भोकं पडतात आणि धूळ थेट टर्बोत जाते.

काजळीची भट्टी

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरात काजळी अडवणारा फिल्टर आला, डीपीएफ. तो भरला की गाडी तो स्वतः साफ करते. कशी? जादा डिझेल सोडून आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. दहा-वीस मिनिटं चालतं हे. त्या वेळात ॲव्हरेज धाडकन पडतं, उभ्या गाडीच्या फेऱ्या जरा वाढलेल्या दिसतात, पंखा जोरात फिरतो, जळका वास येतो. बऱ्याच जणांना वाटतं गाडीत बिघाड झाला, आणि ते चावी बंद करतात. तिथंच चुकतं. अर्धवट राहिलेलं काम गाडी पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरू करते, पुन्हा डिझेल, पुन्हा अर्धवट, आणि न जळालेलं थोडं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नका.

दोन किलोमीटरवर शाळा, तीन किलोमीटरवर भाजी, असाच वापर असेल तर डीपीएफ पुरेसा तापतच नाही आणि वारंवार ही भट्टी पेटवावी लागते. अशा गाडीला आठ-पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास हायवेला, २००० फेऱ्यांच्या आसपास, सलग चालवून आणा. आणि जर वापर कायमच तसा असणार असेल, तर स्पष्ट सांगतो, डिझेलची मोठी गाडी घेऊ नका. तिचं ॲव्हरेज तुम्हाला कधीच दिसणार नाही. डीपीएफ काढून देणारे भेटतात. ते बेकायदा आहे आणि मागून येणाऱ्याच्या छातीत तुमची काजळी जाते.

टाकीत टाकायच्या गोळ्या, नळीवर बसवायचं चुंबक, सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायची दिव्याची डबी: अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं अशी शंभरावर उपकरणं वर्षानुवर्षं तपासली आणि त्यांना लक्षणीय फरक पाडणारं काही सापडलं नाही. तरी ती विकली जातात, कारण ती घेणारा माणूस त्या आठवड्यात गाडी जपून चालवतो.

पहाटे डिझेल भरलं की जास्त मिळतं, हेही असंच. डिझेल थंडीत आकसतं हे खरं, दहा अंशांना साधारण पाऊण टक्का. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथं पहाट-दुपार कळत नाही. तरीही गावी जायचं असलं की मी पहाटेच निघतो. सहाच्या आत कात्रज चौक ओलांडला की दोन कटिंग तरी वाचतात.